'कॉक' म्हणजे बूच नव्हे

परकार सर चिडले की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. मग वर्गात कुणी हलत नसे. चिडत ते बहुतेक क्रियापदावरून. "द वर्क वॉज डन" असं कुणी म्हटलं की चष्मा उतरलाच. "कोणी केलं? माणसाचं नाव घ्यायला लाज वाटते?" सर उरणकडचे. शिकवायचे इंग्रजी, रागवायचे मराठीत.

शाळा खाडीपलीकडे होती. आज तिथे भरावावर सोसायट्या आहेत. तेव्हा आम्ही सानपाड्याकडची मुलं तरीच्या, म्हणजे खाडी पार करून देणाऱ्या, होडीने शाळेत जायचो. होडीत पाणी यायचं, आम्ही डब्याने उपसायचो. तक्रार केली की तरीचा ठेकेदार वरून डांबराचा हात फिरवायचा. चार दिवसांनी पुन्हा पाणी. एकदा भर खाडीत ते गुडघ्यापर्यंत चढलं आणि बाबांनी माझी शाळाच बंद केली. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होतो, घरातून तिथवर पोचलेला पहिलाच. "पोर बुडवून शिकवाचा नाय मना," एवढंच म्हणाले आणि मला मिठागरावर घेऊन गेले.

सर घरी आले ते भिजलेल्या विजारीने, त्याच होडीतून. बाबांशी त्यांनी वाद घातला नाही. पुढे तरीची पाहणी करायला एक साहेब येणार होते, तेव्हा धक्क्यावर या, एवढंच सांगून गेले.

आम्ही गेलो. सरांनी साहेबांना इंग्रजीत सांगितलं की होडी 'कॉक' केलेली नाही.

साहेब हसले. "कॉर्क? मास्तर, होडीला बूच लावायचंय का तुम्हाला?"

ठेकेदार हसला. त्याची माणसंही हसली. सरांनी चष्मा काढला, तिथे टेबल नव्हतं म्हणून मुठीत धरला, आणि शब्दाचं एकेक अक्षर सांगितलं : सी, ए, यू, एल, के. एल लिहायचा, म्हणायचा नाही. मग मराठीवर आले. "फळ्यांच्या सांध्यात तेलातला कापूस छिन्नीने ठोकून बसवतात, त्याला कॉक म्हणतात. यांनी नुसतं डांबर फासलंय. त्याला टार म्हणतात. क्रियापदं दोन आहेत साहेब, आणि दोन्हींच्या मधल्या फटीतून माझी मुलं बुडतील."

दुरुस्ती झालेली आहे असा शेरा आहे, म्हणाले साहेब.

"कोणी केली?"

साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

ते हसणं आजही आठवलं की माझं डोकं तापतं. पुढे सरकारी कचेरीत नोकरी केली, 'झालेलं आहे' हे शब्द शेकडो तोंडांतून ऐकले, आणि प्रत्येक वेळी खाडीचं पाणी पायाला लागल्यासारखं वाटलं.

बाबांना इंग्रजी कळलं नव्हतं. हसणं कळलं होतं. ते सरांना म्हणाले, "मास्तर, कापूस आमी ठोकताव. तुमी पोराला शिकवा." ओहोटीला गावच्या माणसांनी होडी चिखलात ओढली, डांबर खरवडलं, सांधा न् सांधा भरला. सर विजार दुमडून चिखलात उभे, प्रत्येक फटीत डोळा घालून. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो.

ठेकेदाराने वर तक्रार केली : परवानगीशिवाय होडी ओढली. आमची परीक्षा तोंडावर असताना सरांच्या बदलीचा हुकूम आला. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला. "'बदली करण्यात येत आहे.' बघा. करण्यात येत आहे. कोण करतंय, ते नाही."

निघाले तेही त्याच होडीने. बाबा आणि मी आमच्या काठावर उभे होतो. उतरण्याआधी सरांनी वाकून तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला आणि कोरडा तळवा मला दाखवला.

"वाक्य सांग."

"द बोट हॅज बीन कॉक्ड."

त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"बाय माय फादर," मी घाईने म्हणालो.

सरांनी चष्मा नाकावर नीट बसवला, बाबांना सलाम केला आणि ट्रंक उचलून पनवेलच्या रस्त्याला लागले.