चहा सोडायला लावणारी गोळी

अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावच्या मराठी मंडळाच्या नाटकात गुरुनाथ कर्णिकांनी तिसऱ्या अंकातलं मरण पहिल्याच अंकात उरकून टाकलं, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

गुरुनाथ मूळचे नागपूरचे. वय बावन्न, ओहायोत येऊन तेवीस वर्षं झालेली, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम. माणूस हुशार आणि मदतीला तत्पर. पण हातात घेतलेलं काम अर्ध्यावर टाकून दुसरं कधी हाती घेतील याचा नेम नाही. त्यांना प्रॉम्प्टर कुणी केलं यावर मंडळात अजून वाद आहे. त्या दिवशी विंगेत उभे असताना त्यांचं लक्ष पडद्याच्या दोरीच्या गाठीकडे गेलं. ही गाठ कशी मारली असेल, याचा विचार करता करता हातातली पानं उलटली गेली. नेमका तेव्हाच मुलाचं काम करणारा नकुल वाक्य विसरला आणि त्याने आशेने विंगेकडे पाहिलं. समोर जे पान आलं त्यावरचं वाक्य गुरुनाथांनी ठणठणीत आवाजात पुरवलं.

"आप्पा गेले हो!" नकुलने टाहो फोडला.

आप्पा स्टेजवरच खुर्चीत बसून केळं सोलत होते. आप्पा म्हणजे श्रीरंगकाका, चौऱ्याहत्तर वर्षांचे निवृत्त डॉक्टर. त्यांनी केळ्याचा घास गिळला आणि शांतपणे म्हणाले, "कुठे गेलो रे? हा काय इथे बसलोय!" हॉल पाच मिनिटं हसत होता.

मेकअप पुसताना काकांनी गुरुनाथांना जवळ बोलावलं. "हा नुसता विसरभोळेपणा नाही. एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार, त्यासाठी स्वतःला तपासून घे."

"काका, ते पोरांना असतं."

"पोरं मोठी होत नाहीत काय?"

गुरुनाथांना राग आला, पण उत्तराने, म्हणजे त्यांच्या बायकोने, दुसऱ्याच दिवशी अपॉइंटमेंट घेतली. तपासणीच्या फॉर्ममधलं एक पान जोडीदाराने भरायचं होतं. उत्तराने ते भरलं, आणि मागच्या बाजूलाही लिहून झाल्यावर रिसेप्शनवर जाऊन आणखी दोन कोरे कागद मागितले. निदान झालं.

पहिली गोळी दिली ती उत्तेजक प्रकारातली. तिने लक्ष लागलं खरं, पण छातीत धडधड सुरू झाली आणि बीपी वर गेलं. डॉक्टरीणबाईंनी ती बंद केली. "उत्तेजक नसलेली औषधंही आहेत," त्या म्हणाल्या. एकाचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. दुसरं मुळात बीपीचं, त्याने झोप येते. तिसरं त्या मानाने नवीन आहे, ते आपण घेऊन बघू, बीपी मात्र अधूनमधून तपासू. इथवर गुरुनाथांनी सगळं नीट ऐकलं. मग भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं, आणि बाईंचं शेवटचं महत्त्वाचं वाक्य तसंच हवेत विरलं.

नव्या गोळीच्या चौथ्या दिवशी ते घरून काम करत होते. दुपारच्या मीटिंगमध्ये त्यांचा पाय असा हलत होता की लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात मागची भिंत नाचत होती. मॅनेजरने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना? मीटिंग संपल्यावर अंगातली तरतरी कुठे घालवायची ते कळेना, म्हणून त्यांनी लॉन कापायला घेतलं. उत्तरा ऑफिसातून आली तेव्हा ते घामाघूम होऊन शेवटची पट्टी कापत होते.

"गुरू, आपलं लॉन पलीकडे संपलं," ती म्हणाली. "हे शेजारच्या विल्सनचं आहे."

घरात आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "ही गोळी मला सूट होत नाही यार. मी सोडतो."

उत्तराने औषधाबरोबर आलेला कागद उलगडला आणि वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. "या गोळीने कॅफीन शरीरात जास्त वेळ राहतं. कमी घ्या, असं लिहिलंय."

"मग? मी कुठे कॉफी पितो?"

तिने थेट फार्मसीत फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. फार्मासिस्ट मुलीने गोड आवाजात विचारलं, रोज चहा किती?

"सात कप," गुरुनाथ म्हणाले.

 मग तिने विचारलं, "छोटे कप?"

"स्टीलचे पेले," उत्तरा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंशीही बोलणं झालं. गोळी चालू, चहा एक. पहिले तीन दिवस गुरुनाथांचं डोकं असं दुखलं की त्यांनी पडदे ओढून घेतले. घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. सकाळचा एकुलता एक चहा ते पाऊण तास पीत. फुंकर मारायचे, थोडा प्यायचे, पेल्यात वाकून किती उरला ते बघायचे.

तीन आठवडे झाले. "काहीच होत नाहीये," ते रोज म्हणत. मग एका शनिवारी उत्तरा भाजी चिरता चिरता ऑफिसातल्या शेरनबद्दल सांगत होती. गुरुनाथ ओट्याला टेकून ऐकत होते. ती बोलायची थांबली, तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे रिपोर्ट तू करतेस आणि प्रेझेंट शेरन करते? हे कधीपासून चाललंय?"

उत्तराच्या हातातली सुरी थांबली. "तीन वर्षं. आणि हे मी तुला किमान चाळीस वेळा सांगितलंय."

गुरुनाथांना खरंच आठवेना. शेरन हे नाव कानावरून गेल्यासारखं वाटत होतं, बस्स. त्यांना फार लाज वाटली. "मग एकदा पहिल्यापासून सांग," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा तर करत नाही ना? मग सुरी बाजूला ठेवून ती पहिल्या वर्षाच्या पहिल्या मीटिंगपासून सुरू झाली. गोष्ट दीड तास चालली. मध्ये गुरुनाथ एकदाच उठले, कुकरचा गॅस बंद करायला, आणि परत येऊन बसले.