एकाच माइकवर फ्रान्स आणि जर्मनी

“हे दोघं भांडतायत, की एकमेकांना लाइटबिल वाचून दाखवतायत?” मीनलने हेडफोन काढून ठेवले. मीनल म्हणजे चॅनेलची बाई, आमची क्लायंट. “सॉरी यार, पण असा सीन नाही पास करता येणार मला. संध्याकाळपर्यंत नीट करून दे. नाहीतर फक्त हिंदी व्हर्जन जाईल, मराठी कॅन्सल.”

मी डबिंग डिरेक्टर. परदेशी फिल्ममधल्या माणसांच्या तोंडी मराठी घालायची आणि ती त्यांचीच वाटायला लावायची, हे माझं काम. अंधेरीत इतकी वर्षं कार्टून आणि जाहिराती केल्यावर पहिल्यांदा एक अख्खी डॉक्युमेंटरी मराठीत करायला मिळाली होती, आणि मी तिच्या प्रेमातच पडले होते.

फिल्म एका फ्रेंच माणसाच्या आयुष्यावर होती. ब्रँडीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. कॉलेजात गेला नाही, कधी निवडणूक लढवली नाही. दोन महायुद्धं पाहिली आणि एक भन्नाट कल्पना काढली. तोफा कशातून होतात? कोळसा आणि पोलादातून. मग फ्रान्स आणि जर्मनी, दोघांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक मंडळाच्या हाती द्या. म्हणजे एकाला दुसऱ्याच्या नकळत युद्धाची तयारीच करता येणार नाही. ज्याच्या जोरावर लढलात, तेच आता मिळून सांभाळा! आजचा एकत्र युरोप यातूनच हळूहळू उभा राहिला. स्क्रिप्ट वाचलं त्या दिवशी मी घरी जेवताना सगळ्यांना हेच सांगत सुटले होते.

अडला होता तो वाटाघाटींचा सीन. नटांनी करून दाखवलेला. पडद्यावर हा फ्रेंच गृहस्थ आणि जर्मन प्रतिनिधी एकमेकांना धड बोलू देत नाहीत. आमच्या मराठीत मात्र एक बोलतो, थांबतो, मग दुसरा बोलतो. कारण हल्ली प्रत्येक आर्टिस्ट एकटा येतो, बूथमध्ये आपला ट्रॅक, म्हणजे फक्त स्वतःचा आवाज, देऊन जातो. जोडाजोड आम्ही नंतर करतो. त्यात या दोघांना तर मी मुद्दाम वेगळ्या दिवशी बोलावलं होतं.

फ्रेंच माणसाचा आवाज पार्ल्याचे केळकरकाका. जर्मनाचा सावंतदादा, मूळचे मालवणचे. दोघं जुने नाटकवाले आणि दोघांत कित्येक वर्षांचा अबोला. एका प्रयोगात एकाने दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडून टाळी खाल्ली होती. कोणी कोणाचं तोडलं, यावर अजून एकमत नाही.

वाक्य तोडलं! हे डोक्यात आलं आणि मी खुर्चीतून उठलेच. अहो, मला तेच तर हवं होतं. मी दोघांना फोन केले, आणि दुसरा कोण येणार आहे ते सांगूनच बोलावलं. कुरकुरत का होईना, आले.

“फैयाज, एकच माइक लाव.”

फैयाज आमचा रेकॉर्डिस्ट. “मॅडम, एका ट्रॅकवर दोघं? नंतर वेगळं नाही होणार हां.”

“नकोच आहे वेगळं व्हायला.”

बूथमध्ये दोघं खांद्याला खांदा लावून उभे, आणि बोलणं माझ्यामार्फत.

“अगं, ह्यांना सांग, माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचं,” केळकरकाका.

“तेंका सांग, माका शिकवू नकात,” सावंतदादा.

“कोणीच थांबायचं नाही,” मी म्हटलं. “बिनधास्त तोडा एकमेकांना. पण शब्द पडद्यावरच्या ओठांशी जुळले पाहिजेत. एक चुकला, की दोघांचा टेक वाया.”

पहिला टेक म्हणजे निव्वळ आगपाखड होती. सगळी वर्षं त्यात निघाली. ऐकायला झकास, पण ओठांचा पत्ता नाही. दुसरा केळकरकाकांमुळे गेला, तिसरा सावंतदादांमुळे. त्यानंतर मात्र दोघं एकमेकांचा श्वास ऐकायला लागले. एका लांबलचक वाक्यात काकांचा दम संपत आला. सावंतदादांनी नेमकं तिथेच त्यांना तोडलं आणि काका वाचले. पुढच्या वाक्याला काकांनी परतफेड केली. टेक संपला तेव्हा फैयाजने शिट्टी मारली आणि मी काचेवर थापा मारत सुटले.

मीनलने ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाली, “आत्ता कसं! पाठव.” मराठी व्हर्जन चॅनेलवर गेलं. त्यानंतर आणखीही कामं आली.

लोकांना वाटतं, मी त्या दोघांचं भांडण मिटवलं. कसलं काय! अबोला अजून आहे. फक्त आता मी एकाला कामाला बोलावलं, की तो आधी विचारतो, “दुसरा असणार ना?” ते एकमेकांशी बोलायला लागायची वाट मी बघत बसले असते, तर ही फिल्म आजही फक्त हिंदीतच असती.