आत्याची ठिणगी

माझी आत्या वेल्डर. गेट, जाळ्या, जिन्यांचे कठडे, आमच्या गल्लीतलं निम्मं लोखंड तिच्या हातचं. रॉड टेकवण्याआधी ती एकच शब्द ओरडायची, "डोळे!", की आजूबाजूचे सगळे तोंड फिरवायचे. मांजरसुद्धा, असं ती शपथेवर सांगते. आत्या थापा मारत नाही, फक्त थोडं वाढवून सांगते.

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचे पडदे अधू झालेत, आता ठिणगीकडे बघायचंसुद्धा नाही. ती भांडली, हरली आणि कितीतरी दिवस कोणाशी धड बोलली नाही. मला डॉक्टरांचा राग आला होता, आणि त्यांचं बरोबर होतं याचा जास्त.

तिला सावरलं ते आमच्या रविवारच्या खेळाने. औषधांच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही वर्षानुवर्षं जमतो. दुकानदार खेळ चालवतो, म्हणून तो सूत्रधार. गुहा, वादळं, राक्षस तो तोंडी रचतो, आणि आम्ही एकेक पात्र होऊन त्यात लढतो. कोणाला किती लागलं ते फासे ठरवतात. माझ्याकडे तलवार, गल्लीतल्या शाळेच्या मास्तरांकडे जखमा भरायची विद्या. आत्या जादूगारीण. पहिल्याच दिवशी तिने 'ठिणगी' नावाचा मंत्र घेतला, दुसरं काही घ्यायला तयारच होईना. पुढे खेळात एकेक पातळी चढत गेली तसे तिला विजेचे, वादळाचे मोठे मंत्र मिळाले. मग ठिणगी उरली कंदील पेटवायला. आम्ही तिला 'आत्याची काडेपेटी' म्हणायचो.

खरं काम सुटल्यावर ठिणग्या पाडायला तिला हीच एक जागा उरली होती. फासे फ्रिजखाली जातात म्हणून तिने आपला वेल्डिंगचा मुखवटा आणून टेबलावर उताणा ठेवला होता. त्यातच आम्ही फासे टाकायचो. आणि आमच्या टेबलाचा एक नियम कडक आहे: मेलेलं पात्र परत येत नाही.

त्या रविवारी बर्फाचा राक्षस आला. मी आडवी झाले, मास्तर बेशुद्ध. आत्याचे मोठे मंत्र संपले, कारण ते एका लढाईत एकदाच चालतात. राक्षसात अजून तीस गुणांचा जीव होता, आणि पुढचा फटका आत्यावर.

"पळ तू, आत्या," मी म्हटलं.

"तुम्हाला टाकून? ठिणगी टाकते."

सूत्रधाराचा चेहरा पडला. "आत्या, पातळीमागे एक फासा. ठिणगी पहिल्या पातळीची, म्हणजे एकच फासा. फार तर सहा होतील."

"कोणाच्या पातळीमागे?"

"म्हणजे?"

"मंत्राच्या की माझ्या? अरे, रॉड तोच असतो. शिकाऊने टेकवला की चिकटून बसतो, मी टेकवला की गेट उभं राहतं. रॉडला कुठली आलीय पातळी? हात कोणाचा ते बघायचं."

सूत्रधार आढ्याकडे बघत पुटपुटत राहिला आणि एकदम कपाळाला हात लावून हसायला लागला. "टाकणाऱ्याच्या! मंत्र टाकणाऱ्याच्या पातळीमागे एक फासा. मी दोन पातळ्यांची गल्लत केली आणि तुम्ही कंदील पेटवत बसलात."

आत्या नवव्या पातळीवर होती. म्हणजे नऊ फासे. एवढे आणायचे कुठून? सगळ्यांचे गोळा केले तरी एक कमी पडला, तो मास्तरांनी लुडोच्या डब्यातून शोधून काढला.

आत्याने फासे ओंजळीत खळखळवले. तेवढ्यात ती सवयीने ओरडली, "डोळे!"

आणि आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली. सूत्रधार औषधांच्या खोक्यांकडे, मास्तर भिंतीकडे, मी दाराकडे. फासे मुखवट्यात कडकडले आणि शांत झाले. मग आत्याचा आवाज आला, एकेक आकडा मोजत, अजिबात घाई नाही.

"चौतीस."

सूत्रधाराने राक्षस असा काही वितळवला की विचारू नका. मास्तर खुर्ची पाडून उठले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आत्या अजून मुखवट्यात वाकून बघत होती, चष्मा कपाळावर ढकलून. मी फासे उचलायला हात घातला, तर तिने तो बाजूला सारला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "या ठिणगीकडे बघायला मला कोणाच्या बापाची मनाई नाही."