प्रोबची लांब वायर

मंडळी, आज सकाळी नरपडच्या घरी देवापुढे हात जोडले, तर डोळ्यांसमोर सुनीताचा सर्किट बोर्ड आला.

सुनीता माझ्या हाताखाली काम करते, उधव्याची आहे. हा तिचा पहिलाच बोर्ड. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये त्याचा वेगवान सिग्नल स्वच्छ दिसायचा, पण नमुना बोर्डाला प्रोब, म्हणजे मोजायची सुई, लावून मी तो ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मोजला की थरथरायचा. म्हणून आठवडाभर मी मंजुरी अडवली होती.

"काका, प्रोबची ग्राउंड वायर आखूड करून बघा ना," ती रोज म्हणायची.

"वीस वर्षं अशीच मोजतोय, पोरी!"

आज ऑफिसात पोचल्यावर ती आखूड केली. सिग्नल एकदम शांत झाला. थरथर माझ्याच लांब वायरीची होती.

"वायरीकडे काय बघताय? मला सॉरी म्हणा," ती हसली.

म्हटलं. आपल्याच मापावर इतका विश्वास तुम्हीही ठेवता का?

मग सही केली आणि तिचा बोर्ड कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला पाठवला.