यादीतलं घड्याळ

मला नकली घड्याळांचा नाद आहे. विकायचा नव्हे, दुरुस्त करायचा. रविवारी जाफर गेटच्या बाजारात चादरीवर परदेशी नावांची सोनेरी घड्याळं ढिगानं पडलेली असतात. त्यातली चावीची तेवढी मी निवडून घेतो. भावात माझ्यापुढं कुणी टिकत नाही, हे तिथल्या विकणाऱ्यांना ठाऊक झालंय, त्यामुळं मला लांबून येताना पाहिलं की ते आधीच दुप्पट भाव सांगतात. घरी आणून मी मागचं झाकण उघडतो, आतलं पत्र्याचं फुसकं मशीन काढतो आणि एखादं जुनं खात्रीचं मशीन बसवतो, ज्याची चाकं सतरा बारीक लाल खड्यांवर फिरतात. प्लॅस्टिक काढून खरी काच लावतो. वरचं नाव खोटंच राहतं, पण घड्याळ वेळ खरी दाखवतं. असली तीसेक घड्याळं माझ्या कपाटात आहेत. वर्षानुवर्षं मला वाटत आलं की ही युक्ती माझी स्वतःची आहे.

माझा धंदा भंगाराचा. गावाकडनं आलो तेव्हा अंगावर एक शर्ट होता. चिकलठाण्याला रोजंदारी केली, मग हातगाडीवर लोखंड गोळा केलं. वाळूजचे कारखाने वाढले, पुढं शेंद्र्याला नवे उभे राहिले, तसा मीही वाढत गेलो. मला कुणी काही दिलं नाही, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो आहे की घरात कुणी आता मान वर करून बघत नाही.

लग्नात मात्र एक वस्तू मिळाली होती. आमच्याकडं लग्नाआधी दोन्हीकडची माणसं घोंगडीवर बसून देण्याघेण्याची यादी लिहितात. मी नवरदेव असूनही गप्प बसलो नाही. भांडी कमी करा म्हणालो, पाहुण्यांचे आहेर कमी करा म्हणालो, पण घड्याळ पाहिजे, आणि ते परदेशी नावाचं. कारखान्यातल्या साहेबाच्या हातात तसलं पाहिलं होतं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांची मेंढरं होती, करमाडच्या पुढं खडकाळ रान होतं, आणि ते वर्ष बिनपावसाचं होतं. यादी लिहिणाऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मामा म्हणाले, "लिव्हा."

लग्नात घड्याळ मिळालं. महिन्याभरानं पट्टा लहान करायला गुलमंडीवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर नख वाजवलं आणि गिऱ्हाईकांसमोर हसला. "काच नाय ही, प्लॅस्टिक आहे. नाव बी खोटं. कुणी घातलं गळ्यात?"

मी तसाच बस धरून सासुरवाडीला गेलो. ओट्यावर भावकीतली चारपाच माणसं बसली होती. घड्याळ काढून मामांच्या पुढं टाकलं आणि म्हणालो, "ठेवा तुमच्यापाशी. घड्याळ नकली दिलं, पोरगी तरी खरी आहे ना?"

दारात बायको उभी होती. पहिल्या माहेरपणाला आली होती.

मामांनी घड्याळ उचललं, धोतराला पुसलं आणि स्वतःच्या मनगटावर बांधलं. "बसा, पाव्हणं. च्या घ्या," एवढंच बोलले. मी चहा न घेता उठलो. त्यानंतर बावीस वर्षं त्या घरात मी पाय ठेवला नाही. बायको एकटी जायची, एकटी यायची.

पुन्हा कुणी फसवू नये म्हणून मी घड्याळं शिकलो. शहागंजच्या घंटाघराजवळ एका घडीसाजाची टपरीएवढी जागा होती. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. आधी ते शिकवायला तयार नव्हते. मी रोज संध्याकाळी जाऊन समोरच्या फळीवर बसायचो, शेवटी कंटाळून त्यांनी चिमटा हातात दिला. मी कुठलंही घड्याळ बघून "भंगार आहे" म्हणालो की ते भिंग डोळ्यावरनं न काढताच म्हणायचे, "मियाँ, पहले ढक्कन खोलो. गाली बाद में." खोट्या पेटीत दुसरं मशीन बसवायची कल्पना मी काढली, तेव्हा भोवती पितळेची रिंग घासून बसवावी लागते, तेही त्यांनीच दाखवलं. काम झालं की ते झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं एक बारीक त्रिकोण आणि महिना-साल कोरायचे. पुढच्या कारागिराला कळावं, कुणाचा हात लागलाय आणि कधी. मीही मग माझी खूण ठरवली, एक आडवी रेघ.

मामांच्या हातातल्या घड्याळाचं झाकण मात्र मी कधी उघडलं नव्हतं. ते मी वरूनच ओळखलं होतं.

मग तो मोठा दुष्काळ आला. शहरात आठ दिवसांनी नळ, खेड्यांत टँकर. जालना रोडला दोन्ही बाजूंनी प्लॉटचे दगड रोवलेले आणि त्यांच्यामधून पाण्याचे टँकर धावायचे. त्या उन्हाळ्यात एके दुपारी मामा माझ्या दुकानाच्या दारात उभे राहिले. वाकले होते. भंगाराच्या ढिगांकडं बघत त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं.

"बंद पडलं," म्हणाले. "लोक सांगत्यात, तुम्ही करता."

माझ्या तोंडात आलंच होतं, की नकलीचं आणखी काय होणार. पण म्हातारा माणूस उन्हातनं आला होता. "मोबाइल आहे की घरात," मी म्हणालो.

"लाइट कुठं हाय त्याला चार्ज कराया? आन टँकरचा टाइम मी सांगतो समद्या वस्तीला. घड्याळ बघून. बाया आधीपास्नं उन्हात उभ्या ऱ्हात नायत मग." आणि पुढं म्हणाले, "आता चार दिस झालं, समद्या सकाळपास्नं उभ्या हायत."

मी घड्याळ घेतलं. परवा या म्हणालो. चहा मागवला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी खिडकीपाशी बसलो. डायलवरचं परदेशी नाव पूर्ण झडून गेलं होतं. काच ओरखडे पडून पडून दुधाळ झालेली. चावीच्या दांड्याभोवती लोकरीचा धागा घट्ट गुंडाळला होता, धूळ आत जाऊ नये म्हणून. मी मनाशी म्हणालो, आत पत्रा असणार, बावीस वर्षं चाललाच कसा. झाकणाच्या फटीत पातं घातलं आणि फिरवलं.

आत पत्रा नव्हता. सरकारी कारखान्याचं जुनं, दणकट मशीन होतं, सतरा खड्यांचं. भोवती हातानं घासलेली पितळेची रिंग. असली रिंग मी डोळे मिटून ओळखतो. झाकण उलटं करून उजेडात धरलं. बारीक त्रिकोण होता. खाली महिना-साल. आमच्या लग्नाचाच महिना.

बायकोनं विचारलं, "अहो, बिघडलंय का लई?" मी नाय म्हणालो. आणि घड्याळ तसंच उघडं डबीत घालून शहागंजला गेलो.

रस्ता रुंद करताना उस्तादांची निम्मी जागा गेली होती. उरलेल्या निम्म्यात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती, आणि उस्ताद बाहेर खुर्चीवर बसलेले असत. नजर जवळजवळ गेली होती. मी झाकण त्यांच्या बोटांत दिलं. त्यांनी नखानं त्रिकोण चाचपला, मग म्हणाले, मशीनही दे. अंगठा रिंगेवरनं फिरवला.

"मेंढरंवाले बाबा," ते म्हणाले. "घोंगडी होती खांद्यावर. शादी को चार दिन थे."

मामांनी ते घड्याळ कुठल्यातरी दुकानातून खऱ्याच्या भावानं घेतलं होतं. पट्ट्याचा खिळा नीट बसत नव्हता म्हणून उस्तादांकडं आले, तेव्हा उस्तादांनीच त्यांना सांगितलं की हे नकली आहे. मामा उठून त्या दुकानात जाऊन आले. दुकानदार परत घेईना. दुसरं घ्यायला हातात काही उरलं नव्हतं. मग उस्तादांच्या पायरीवर बसून त्यांनी विचारलं होतं, "वरचं नाव ऱ्हाऊ द्या, पाव्हण्याला नाव पायजेल. आत खरं घालता येतं का?"

"मैंने बोला, येतं," उस्ताद म्हणाले. "दोन मेंढे विकून आले दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, बाबा, इतना क्यों? तर म्हणाले, खोटं दिलं असं माझ्या लेकीला कुणी म्हणू नये."

माझा आवाज चढला. "मग तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

"मुझे क्या मालूम वो दामाद तू है?" ते म्हणाले. मग हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "ढक्कन तर तू खोलायला पाहिजे होतं ना, मियाँ."

माझं सगळं आयुष्य धंद्यात गेलं. समोरच्याची चूक दाखवायची आणि भाव पाडायचा, हे मला येतं. त्या दिवशी क्रांती चौकातल्या गर्दीत गाडी थांबलेली असताना मी कुणाची चूक दाखवावी हे शोधत होतो. दुकानदार होता, ज्यानं मामांना फसवलं. गुलमंडीवाला होता, जो हसला. उस्ताद होते. मामा होते, जे एक शब्द बोलले नाहीत. ती चूक कुणावरही बसेना.

घरी येऊन मशीन सुटं केलं, पेट्रोलमध्ये धुतलं. मुख्य स्प्रिंग तुटली होती, दुसरं काही नाही. माझ्या कपाटातल्या सगळ्यात चांगल्या घड्याळातली स्प्रिंग काढून घातली. नवी काच बसवली. त्याच परदेशी नावाची कोरी डायल माझ्या डब्यात होती, ती काढली, बघितली, परत ठेवली. झाकणात त्रिकोणाच्या खाली माझी आडवी रेघ आणि महिना-साल कोरलं. मग बायकोला सगळं सांगितलं.

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. सगळं ऐकून म्हणाली, "बावीस वर्षं बसनं एकटी गेले मी." आणि भाजी घेऊन आत गेली.

मामा येण्याची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं गेलो. ते करमाडच्या पुढं, वस्तीलगतच्या चारा छावणीत होते. मेंढरं आता नव्हती, दोन गाई होत्या. झाडाच्या पातळ सावलीत बसले होते. मी घड्याळ दिलं. त्यांनी ते कानाशी धरलं.

"चाललं की," म्हणाले. "किती द्यायचं?"

"मामा," मी म्हणालो, "मी आत बघितलं. शहागंजच्या उस्तादाकडं गेलो होतो."

एका गाईनं चारा खाली पाडला, तो त्यांनी काठीनं पुढं सारला.

"तुम्ही त्या दिवशी सांगायचं होतं."

"तुम्ही इचारलं कुठं? समद्यांम्होरं टाकलं. आता मी म्हणू का, उघडून बघा, मी खरं घातलंय?" त्यांचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "ते तुम्ही पोरीबद्दल बोलला. घड्याळाचं काय न्हाय."

जे बोलायला हवं होतं ते आलं नाही, आणि जे मला येतं तेच तोंडातून आलं. "हे घड्याळ माझं आहे. यादीत लिहिलेलं आहे. मला द्या."

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग लेकीकडं. घड्याळ मनगटावर बांधायला लागले.

"बदल्यात तीन देतो," मी म्हणालो. "माझ्या हातची. याच्यापेक्षा भारी."

"हात किती हायत मला?"

"मग यादीचं काय?"

"यादीचं तुम्हाला दिलं व्हतं. तुम्ही परत दिलं. परत दिलेलं मागत नसत्यात, पाव्हणं." त्यांनी चावी दिली, अंगठ्यानं, सावकाश, जशी द्यायला पाहिजे तशी. "टँकरचा टाइम झाला. बसा. च्या घ्या."

आम्ही बसलो. चहा बिनदुधाचा होता. बायको बापाच्या शेजारी बसली, मी समोर. लांबून टँकरचा आवाज आला तेव्हा मामांनी घड्याळ बघितलं आणि ते माझ्याकडं वळवलं. त्यांना अक्षर वाचता येत नाही, काटे वाचता येतात. टँकर वेळेवर आला होता.

वर्षातून एकदा ते तेलपाण्याला घड्याळ घेऊन येतात, नाहीतर आम्ही जातो. त्या झाकणात त्रिकोणाखाली आता माझ्या पाच रेघा आहेत. दर वेळी परत देताना मी ते मागतो. अजून दिलेलं नाही.