वन्संचा उजवा पाय

आमच्या वन्संचं ठाम मत होतं की जगातली निम्मी दुःखं लय बिघडल्यामुळे होतात, आणि उरलेली निम्मी, ती बिघडली आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, लग्न केलेलं नाही, केस मानेवर कापलेले, आणि सुट्टीच्या दिवशी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, झालंच तर वांगणीच्या फार्महाउसवर एका बँडमध्ये ड्रम वाजवायच्या. माझं स्थळ ठरत होतं तेव्हा माझ्या आईनं दबकत विचारलं होतं, "बँड म्हणजे वरातीतला का हो?" "छे, इंग्रजी गाण्यांचा," असं सासूबाईंनी सांगितलं आणि आई जास्तच घाबरली.

त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो अंतरपाटाच्या मागून. गुरुजी मंगलाष्टकं म्हणत होते, प्रत्येक ओळ च्युइंगमसारखी ताणत होते, आणि माझ्या नवऱ्याच्या पाठीमागून कुणीतरी स्वच्छ बाईच्या आवाजात म्हणालं, "गुरुजी, मघापासून तुम्ही ढेपाळलाय." गुरुजी इतके दचकले की पुढची कडवी त्यांनी एका दमात संपवली. आमचं लग्न मुहूर्ताच्या आधी लागलं, असं माझा नवरा अजून सांगतो आणि संसारातल्या सगळ्या अडचणींचं खापर त्यावर फोडतो. घरात आल्यावर मी त्यांना ताई म्हणायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. "ताई मला रिक्षावालेसुद्धा म्हणतात. तू वन्सं म्हण. जोर कसा पहिल्या अक्षरावर येतो बघ." आजकाल कोण नणंदेला वन्सं म्हणतं? पण म्हणून बघितलं आणि खरंच जोर पहिल्या अक्षरावर आला. तेव्हापासून वन्संच.

बँडमध्ये वन्संखेरीज दोघंच. गिटार वाजवणारे उल्हासनगरचे सिंधी गृहस्थ, ज्यांचं जीन्सचं दुकान होतं, आणि गाणारे सर, जे ज्युनिअर कॉलेजात शिकवायचे आणि गाता गाता बेस गिटारही वाजवायचे. तिघंही पन्नाशीला टेकलेले. आपल्या सगळ्यांच्या जन्माआधीची रॉकची गाणी ते जशीच्या तशी वाजवत, म्हणजे रेकॉर्डवर जिथे मूळ ड्रमर अर्धवट खोकलाय तिथे वन्संही अर्धवट खोकत. प्रॅक्टिस जीन्सच्या गोडाउनमध्ये. चारी बाजूंनी छतापर्यंत पॅण्टींचे गठ्ठे, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. पोस्टरवर मात्र त्यांचं नाव कधीच धड आलं नाही. आयोजक आपल्या मनानं छापायचे, "इंग्लिश ऑर्केस्ट्रा, सोबत लेडीज ढोल". सर त्यावर दोन दिवस जेवायचे नाहीत. वन्सं म्हणायच्या, "छापू दे. वाजवायला लागलो की कळतंच लोकांना." लोकांना कळायचंच असं नाही. वांगणीला एका वाढदिवसाला यजमानांनी कोळीगीताची फर्माइश केली. वन्संनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मला ते येतं. पण मी वाजवणार नाही." वातावरण तापलं. तेवढ्यात यजमानांची म्हातारी आई पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, "माज्यासाठी वाजीव गो बाय, गुडघं बरं हायेत तवर नाचून घेते." वन्संनी नुसत्या ड्रमवर असा काही ठेका धरला की म्हातारी हात वर करून अख्ख्या लॉनभर फिरली. परत येताना मला दम मिळाला, "हे सरांपुढे कधी काढायचं नाही."

आमचं घर बदलापूरला, मांजर्लीत, तळमजल्यावर. एका पावसाळ्यात नदीचं पाणी गेटपर्यंत आलं तेव्हा नवरा ओरडला, "ताई, आधी फ्रिज!" वन्संनी आधी मोठा ड्रम उचलला. मग छोटे, मग झांजा, मग स्टँड, सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दिवाणावर मांडून आल्या. तोवर फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघरात तरंगत होता. "फ्रिज कुठल्याही दुकानात मिळतो रे," त्या भावाला म्हणाल्या, "हे माझ्या हाताला लागलेत." पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे चिखल काढत होतो आणि वरून, शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यातून, ढुम-ढुम ऐकू येत होतं. सगळं नीट वाजतंय ना, हे बघत होत्या.

दुखणं आलं ते असं दार वाजवून आलं नाही. आधी चहाचा कप बशीवर किणकिणायला लागला. मग त्यांची सही बारीक होत गेली, इतकी की बँकेतून फोन आला. चेहरा गंभीर दिसायला लागला आणि मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय, म्हणून आठवडाभर मी त्यांच्या आवडीच्या भाज्या केल्या. मग एके दिवशी गोडाउनमधून त्या लवकर परतल्या आणि खुर्चीत बसून उजव्या पायाकडे बघत राहिल्या. मोठा ड्रम त्या पायानं वाजतो. "वहिनी," त्या म्हणाल्या, "हा माझं ऐकत नाहीये. मी सांगते तेव्हा येत नाही, मागून येतो."

कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना बोटं उघडमीट करायला लावली, चालायला लावलं, हात वाकवून बघितला, आणि पार्किन्सन्स असं नाव सांगितलं. जीवाला लगेच धोका नाही, गोळ्यांनी बरीच वर्षं चालतं, बरं मात्र होत नाही. मी रडायच्या बेतात होते. वन्संनी एकच विचारलं, "हात-पाय राहतील माझे, की फक्त दिसायला राहतील?" डॉक्टर तरुण होते, ते गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागले. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. "त्या दोघांना सांगायचं नाही. सर लगेच सगळं बंद करतील, आणि तो जीन्सवाला रडेल. मला दोन्ही नकोय."

त्यानंतर त्या कार्यक्रमाआधी गोळीची वेळ जुळवायला लागल्या. गोळी लागू पडली की तासभर हात-पाय त्यांचे असत. मी दर कार्यक्रमाला जायला लागले, पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन, म्हणायला हौशी प्रेक्षक म्हणून. त्या तासात त्या पूर्वीसारख्या वाजवत, कदाचित जास्तच जोरात. पण उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम लांबला. आधी सत्कार, मग भाषणं, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. वन्सं पडद्याआड बसून होत्या आणि त्यांचा तास भाषणांमध्ये विरघळत चालला होता. मी आयोजकांना गाठून हात जोडले. ते म्हणाले, "मॅडम, बस दोन मिनिटं, साहेब बोलतायत."

पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्यात उजवा पाय मागे पडला, आणि सगळ्यांत आधी ते गिटारवाल्यांनी ओळखलं, कारण त्यांनी वळून बघितलं. सर मात्र गातच राहिले. मग वन्संचा हात झांजेवर पोहोचायच्या आधी हवेतच अडकला आणि काठी खाली पडून स्टेजच्या कडेपर्यंत घरंगळत गेली. गाणं एखाद्या मांडवासारखं एकेका बाजूनं बसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, आंटी सो गई!" आणि हशा पिकला. गिटारवाल्यांनी झटक्यात माइक धरला. "सॉरी हां लोक, साउंडमध्ये फॉल्ट आलाय, दो मिनट दो." वन्सं उठल्या. ड्रमला धरत धरत, चार पावलांच्या वाटेला बराच वेळ घेत, त्या माइकपाशी आल्या.

"साउंड ठीक आहे," त्या म्हणाल्या. "फॉल्ट माझ्यात आहे. मला पार्किन्सन्स झालाय. यांनाही आत्ताच कळतंय. यांना हसू नका, हे दोघं चांगले वाजवतात."

सरांनी बेस खांद्यावरून काढला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे तो हातात घेऊनच उभे राहिले. मी स्टेजवर गेले. पायऱ्या उतरताना वन्संचा पाय पहिल्याच पायरीवर रुतला, तेव्हा गिटारवाले खाली बसले आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून खालच्या पायरीवर ठेवला. "दीदी, बोलना था ना," एवढंच ते म्हणत होते, "मला तरी बोलायचं होतं ना."

बँड बंद करू दिला नाही तो वन्संनीच. गोडाउनमध्ये गठ्ठ्यांना टेकून बसत आणि नवा ड्रमर म्हणून येतील त्यांची परीक्षा घेत. बहुतेक जण दहा मिनिटांत पळून जात. शेवटी अंबरनाथच्या ढोल पथकातला एक रिक्षावाला टिकला, दोन मुलांचा बाप, इंग्रजीचा गंध नाही. त्याला त्यांनी तोंडानं बोल म्हणून एकेक गाणं बसवून दिलं. आवाजही तोवर उतरला होता, त्यामुळे तो वाजवायचं थांबवून त्यांच्या तोंडापाशी कान नेत असे आणि परत जाऊन वाजवत असे. कधी चिडून त्या त्याच्या पाठीवर बोटांनी ठेका दाखवू बघत, पण बोटं भलतंच काही दाखवत, आणि मग त्या हात मागे घेत.

अंबरनाथला त्याचा पहिला कार्यक्रम झाला. आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो. तो छान वाजवत होता. मी वन्संकडे बघत होते, पण आता त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे, फक्त डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात वेळेवर येत नव्हता. मी पुसलं. कार्यक्रम संपल्यावर लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला धावले. तो त्यातून वाट काढत आला, वन्संच्या पाया पडला. "ताई, कसं झालं?"

त्या काहीतरी म्हणाल्या. त्याला ऐकू आलं नाही. तो वाकला, त्यांनी परत सांगितलं, तेही गर्दीत विरलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं होतं.

"माझ्यापेक्षा चांगलं झालं, म्हणतायत," मी सांगितलं. तो मान हलवत नाही, नाही म्हणत राहिला. ते वाक्य दुसऱ्याच्या वतीनं उच्चारणं मला किती जड गेलं, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

आता वन्सं घरीच असतात. बँड चालू आहे, पण त्या जात नाहीत आणि मी आग्रह करत नाही. दुपारी गोळीनंतर थोडा वेळ बरा जातो, तेव्हा मी त्यांच्यापाशी खिडकीत बसते. परवा मी विचारलं, "वन्सं, आठवण येते का हो वाजवण्याची?"

त्यांनी नदीच्या बाजूला बघितलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "वाजवण्याची नाही गं. घरी आल्यावर दंड दुखायचे ना, इथून इथपर्यंत. त्याची येते."

मी त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला आणि दंडापासून चेपत बसले. तो थरथरत होता. बऱ्याच वेळानं त्यांचा डोळा लागला, तसा तो हळूहळू थांबला.