पाळकाला कोरड पडते तेव्हा

उपासना संपली आणि विलासने मला चर्चच्या जिन्यातच गाठलं. "सलाम पाळकसाहेब. गायनातून माझं नाव काढा. तोंड गातंय, आत काहीच नाही."

विलास चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर, मूळचा जालन्याकडचा. आमच्या कासारवाडीच्या मंडळीचं गायन बरीच वर्षं तोच चालवतो. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. पाळक म्हणजे त्यांना सांभाळायला नेमलेला पगारी माणूस, म्हणजे मी.

घरी आजारपण? नाही. नोकरी? ठीक. बायकोशी भांडण? तेही नाही. प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, आत कोरड पडलीय, इतकंच. माझी चिडचिड झाली. दुःख असतं, तर काय करायचं ते मला माहीत होतं. शिवाय कित्येक महिने माझी गत तीच होती. उपदेश लिहायचा, द्यायचा, घरी येऊन जेवायचं. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

कमिटीचे सेक्रेटरी साळवे यांना मी विलासचं नाव न घेता एवढंच सांगितलं, की काही लोक थकलेत. त्यांनी लगेच बाहेरचा स्पीकर, म्हणजे पाहुणा उपदेशक, ठरवला. "मंडळी चार्ज करायला पाहिजे, पाळक." मंडळी म्हणजे मोबाईल नव्हे, असं म्हणालो. तोवर बॅनर छापायला गेला होता.

स्पीकरने माइक तोंडाशी धरून सांगितलं की ज्याला आनंद नाही त्याच्या आयुष्यात लपवलेलं पाप आहे, त्याने पुढे यावं. बरेच जण पुढे गेले. साळवे खूश. विलास उठला, दारात चपला घातल्या आणि निघून गेला.

पुढचे काही रविवार तो आलाच नाही. फोन उचलेना. त्याची बायको म्हणाली, आता नाटक नको म्हणतात, घरातली प्रार्थनाही बंद केली आहे.

मग गेलो चाकणला. ट्रॅफिकमध्ये एवढा अडकलो की देवाशी चार शब्द बोलायला हरकत नव्हती, पण तेही सुचले नाहीत. शिफ्ट सुटल्यावर विलास गेटसमोरच्या टपरीवर भेटला. चहा सांगितला.

"साहेब, कुठलं पाप ते सांगा, आत्ता कबूल करतो," तो म्हणाला. "शोधून शोधून दमलो."

"पाप नाही. मलाही बरेच महिने काही वाटलेलं नाही."

त्याने ग्लास खाली ठेवला. "मग दर रविवारी वर उभं राहून बोलता काय?"

"जे खरं मानतो तेच. वाटत नाही म्हणून ते खोटं होत नाही."

"मग हे आधी सांगायचं ना. मी समजत होतो, एकटा मीच बिघडलोय."

मी खिशात हात घातला. चहाचे पैसे त्यानेच दिले आणि रागातच बसमध्ये चढला.

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर ते सांगून टाकलं. दोन वाक्यांत. साळव्यांनी दुपारीच कमिटी बोलावली. पाळकच असं म्हणाला तर लोक टिकतील कसे, असा त्यांचा मुद्दा. माझ्या बदलीवरही चर्चा झाली. शेवटी समज देऊन सोडलं.

चर्च सोडून कुणी गेलं नाही. उलट दिघीच्या एक आजी म्हणाल्या, माझं तर लग्नाआधीपासून असंच आहे, मला वाटलं सगळ्यांचं असंच असतं.

विलास आठवड्याने स्वतःहून आला. बायकोने माझं बोलणं त्याच्या कानावर घातलं होतं. आता त्याची पहिली शिफ्ट असली की बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं प्रार्थनेला बसतो. तक्रार असेल तर तक्रारच मांडायची, असं ठरलंय. परवा तो एवढंच म्हणाला, "देवा, आजही काही नाही. तरी आलोय." मी आमेन म्हणालो, आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून म्हणालो.

कोरड गेली म्हणावं, तर तसं नाही. साळवे नवा स्पीकर शोधतायत. मी मात्र एवढं शिकलो, की कोरड पडली तर आधी शेजारच्याला सांगावं. बहुतेक वेळा त्यालाही पडलेली असते.